रुख्माबाईशी कोणी भांडेना

तांडापेठेतल्या रुख्माबाई परातेच्या डोक्याचं ऑपरेशन शंभर टक्के यशस्वी झालं, आणि तिच्या वैतागाला खरी सुरुवात तिथूनच झाली. यशस्वी हा शब्द तिनं इतक्या तोंडांतून ऐकला की पुढे पुढे तो कोणी उच्चारला तरी तिच्या कपाळाला आठ्या पडायच्या. डॉक्टर यशस्वी म्हणाला, नवरा म्हणाला, पोरगा म्हणाला. शेजारच्या शामलाबाईशी तर नालीच्या पाण्यावरून तिचं कित्येक वर्षं बोलणं बंद होतं. तीसुद्धा डाळिंबं घेऊन आली, यशस्वी झालं म्हणाली आणि वर डोळे पुसून गेली.

झालं होतं असं. दिवाळी आटोपून घरचं भोजनालय पुन्हा उघडलं होतं. सकाळी मटणवाल्यानं नुसती हाडकं पाठवली म्हणून रुख्माबाई त्याला फोनवर झापत होती, आणि झापता झापता तिच्या डोक्यात असं काही फुटलं की फोन एकीकडे आणि ती एकीकडे. सून धनश्री धावली नसती तर चुलीवरच पडली असती. धंतोलीच्या दवाखान्यात नेल्यावर कळलं की मेंदूतल्या एका रक्तवाहिनीला फुगा आला होता. कधीपासून होता देव जाणे, पण आता तो फुटला होता. डॉक्टर अपूर्व नावाच्या तरण्या सर्जननं कवटी उघडली, फुग्याच्या तोंडाशी धातूचा बारकासा चिमटा बसवला आणि कवटी मिटवली. या दुखण्यात कितीतरी माणसं दवाखान्यापर्यंतही पोचत नाहीत. पोचलेली कितीतरी परत आपल्या पायांनी घरी जात नाहीत. रुख्माबाई गेली. हातपाय धड, वाचा धड, डोळ्यांसमोरचा माणूस ओळखू येतो, शंभरापासून उलटे आकडे घडाघडा म्हणते. डॉक्टरच्या कामाबद्दल तिची तक्रार नव्हतीच.

तक्रार घरच्यांबद्दल होती. घरी सोडताना डॉक्टरनं सगळ्यांना समजावून सांगितलं होतं की गोळ्या चुकवायच्या नाहीत, मीठ-तेल-तिखट कमी, तपासणीला नेमानं यायचं, बीपी वाढू द्यायचं नाही, आणि हो, त्यांना टेन्शन देऊ नका. बाकीचं सगळं जेमतेम ध्यानात राहिलं, पण हे शेवटचं घरच्यांनी जे धरलं ते धरलंच. भांडता भांडता फुगा फुटला, म्हणजे भांडणानंच फुटला, असा नवऱ्यानं, म्हणजे ताराचंदनं, साधा सरळ हिशेब लावला. डॉक्टरनं तसं म्हटलं नव्हतं. पण ताराचंदनं पोराला सांगितलं, पोरानं बायकोला सांगितलं, बायकोनं शेजारी सांगितलं, आणि आठवड्याभरात तांडापेठेपासून गोळीबार चौकापर्यंत सगळ्यांना ठाऊक झालं की रुख्माबाईला उलटून बोलायचं नाही.

आता रुख्माबाईला उलटून बोलायचं नाही म्हणजे काय, हे तिला ओळखणाऱ्यालाच कळेल. उमरेडहून लग्न होऊन ती या घरात आली तेव्हा घरात हातमाग होते आणि सासरा, नवरा, दोन दीर त्यावर बसत. माग एकेक करून बंद पडले. मग समोरच्या खोलीत बाकडी टाकून सावजी भोजनालय सुरू झालं. पाटीवर नाव ताराचंदचं, गल्ल्यावर ताराचंद, आणि आत चुलीपाशी ही. तेव्हापासून तिचा दिवस भांडणानंच उजाडायचा. भाजीवाल्याशी भांडण, मटणवाल्याशी भांडण, रश्शावरची तर्री जास्त मागणाऱ्या गिऱ्हाइकाशी भांडण, आणि दुपारी सगळं आवरलं की बातम्यांचा आवाज मोठा का केला यावरून नवऱ्याशी भांडण. त्यात राग असायचाच असं नाही. लोकही तिला सोडायचे नाहीत, तोंडाला तोंड द्यायचे, आणि दुसऱ्या दिवशी परत यायचे.

आणि आता बघा. भाजीवाल्यानं किडकी वांगी दिली, ती ओरडली, तर तो म्हणाला बरोबर आहे काकू, आणि निमूटपणे सगळी वांगी परत घेतली. चांगलीसुद्धा. बातम्यांचा आवाज मोठा आहे म्हटलं तर ताराचंदनं टीव्हीच बंद केला आणि काळ्या पडद्याकडे बघत बसला. मुलगा वैभव, जो कॉलेजात असल्यापासून तिच्या प्रत्येक वाक्याला "पण आई" म्हणून फाटा फोडायचा, तो आता हो आई, बरं आई, करतो आई. तिला वाटायचं, यापेक्षा एखादी शिवी द्या रे मेल्यांनो.

एकदा तिनं मुद्दामच केलं. शनिवार होता. बाहेर सकाळची शाळा सुटून पोरं ओरडत चालली होती. ती जेवताना सहज म्हणाली, आज बुधवार ना? ताराचंदनं वैभवकडे पाहिलं, वैभवनं धनश्रीकडे पाहिलं, आणि ताराचंद म्हणाला, हो, बुधवार. रुख्माबाईच्या हातातला घास हातातच राहिला. आधी तिला हसू आलं, मग तळपायाची आग मस्तकात गेली, आणि मग रात्री अंथरुणावर पडल्यावर मात्र तिला भीती वाटली. चुकलं तरी हो आणि बरोबर असलं तरी हो. मग आपलं डोकं ठिकाणावर आहे की नाही हे आपल्याला कळणार कसं? ज्या डोक्यात कोणाचा तरी हात जाऊन आला, त्या डोक्यावर नुसत्या स्वतःच्या भरवशानं चालायचं कसं?

आणि डोक्यात एक गोष्ट तर खरोखरच चुकली होती. तिला वास येत नव्हता.

हे लगेच लक्षात आलं नाही. पहिले काही आठवडे चुलीकडे फिरकायलाच बंदी होती. पुढे मिरची भाजायला बसली तेव्हा ठसका लागला, डोळ्यांतून पाणी आलं, म्हणून तिला वाटलं नाक आहे जागेवर. पण ठसका घशाचा असतो. कोथिंबीर चुरडून नाकाशी नेली तेव्हा काही नाही. नवऱ्याचा घामेजलेला सदरा, काही नाही. कापूर, काही नाही. घरात सांगितलं तर सगळे एका सुरात म्हणाले, येईल, येईल, हळूहळू येईल. तपासणीला गेली तेव्हा डॉक्टर अपूर्वलाही तिनं सांगितलं. त्यानं नीट ऐकून घेतलं, डोळे मिटायला लावून कॉफी, साबण असं काहीबाही नाकाशी धरलं, आणि लिहून घेतलं. मग नर्सनं तिला बीपी मोजायला आतल्या खोलीत नेलं आणि डॉक्टर वैभव-धनश्रीशी बोलत बसला. बाहेर आल्यावर तिनं विचारलं, काय म्हणले? वैभव म्हणाला, म्हणले, येईल हळूहळू.

दुसरी एखादी बाई म्हणाली असती, नाही तर नाही आला वास, काय अडलं? पण रुख्माबाईचा सगळा स्वयंपाक नाकावर होता. तिच्या सासूची शिस्तच तशी होती. या घरात भांड्यातलं चाखून बघायचं नाही. पहिलं ताट गिऱ्हाइकापुढे जाईपर्यंत रांधणारीनं जिभेला बोट लावायचं नाही, लावलं तर सगळं पातेलं उष्टं. मीठ वाफेवरून ओळखायचं, मटण शिजलं की नाही ते वाफेवरून, जवसाच्या तेलाचा कच्चेपणा गेला की नाही तेही वाफेवरून. आणि मसाला तर सगळा वासावरच. सोमवारी भोजनालय बंद, तो मसाल्याचा दिवस. धणे, खसखस, खोबरं, मिरे, लवंग, दगडफूल, एकेक वेगवेगळं भाजायचं. खोबऱ्याचा रंग दिसतो, खसखशीचा दिसतो. दगडफूल जन्मतःच काळं; ते भाजलं की जळलं हे डोळ्यांना काय कळणार? तिथे वास पालटतो ती घडी पकडायची आणि म्हणायचं, उतरव. हा शब्द सासूनं म्हणायचा. सुनेनं फक्त उतरवायचं. सासू होती तोवर रुख्माबाईनं कित्येक वर्षं नुसतं उतरवलं होतं, एकदाही तोंड उघडलं नव्हतं, आणि आता तिच्या हाताखाली धनश्री तेच करत होती.

ऑपरेशननंतर रुख्माबाईनं पुन्हा मसाला हाती घेतला तो अंदाजानं. इतक्या वर्षांचा हात आहे, नाक येईपर्यंत हात निभावून नेईल असं तिला वाटलं. स्वतः ती तो रस्सा खातच नव्हती. तिच्या ताटात डॉक्टरच्या हुकमाचं अळणी वरण आणि भात. दर सोमवारी ती अंदाजानं उतरव म्हणायची आणि धनश्रीला विचारायची, कसा झाला वं? धनश्री म्हणायची, नेहमीसारखा, आई. वैभव जेवताना बोटं चाटायचा. ताराचंद म्हणायचा, तोच हात, तीच चव. मात्र दुपारची बाकडी पहिल्यासारखी भरत नव्हती. विचारलं तर वैभव म्हणे, लग्नसराईत कोण जेवायला बाहेर पडते आई.

उन्हाळ्याच्या तोंडावर भिवापूरहून चंपतराव आले. शेतकरी माणूस, वर्षाकाठी एकदा यायचा. घरची मिरची तिच्याकडे टाकायची, बाकीची कळमन्याच्या बाजारात न्यायची आणि जाताना तिच्या हातचं जेवून जायचं, हा जुना रिवाज. त्यांना ऑपरेशनची काही वार्ता नव्हती, आणि वैभव नेमका बाहेर गेलेला, त्यामुळे त्यांना दारात गाठून पढवायला कोणी नव्हतं. पोती उतरवून ते बसले, ताट आलं, भाकरीचा तुकडा मोडला, रश्शात बुडवला, तोंडात टाकला आणि थांबले. ताट हळूच पुढे सारलं. रुख्माबाई दारातच उभी होती.

"वहिनी, मसाला जळला तुमचा," चंपतराव म्हणाले. "अन् तेलही खवट आहे. असं तर तुमच्या घरी कधी खाल्लं नाही मी."

तेवढ्यात वैभव आत आला. त्यानं ताटाकडे पाहिलं, आणि आईच्या पाठीमागून चंपतरावांना हातवारे करू लागला. चंपतराव बिचारे गोंधळले. त्यांना वाटलं घरात कोणी वारलं की काय. रुख्माबाईनं मागे न बघताच पोराला सांगितलं की हात खाली कर. मग तिनं चंपतरावांची माफी मागितली, त्यांना दही आणि भाकरी वाढली, त्यांचं जेवण होईपर्यंत समोर बसली. रडू आलं नाही तिला. उलट बऱ्याच दिवसांनी कोणीतरी आपल्याशी माणसासारखं बोललं असं वाटून तिला त्या माणसाचे पाय धरावेसे वाटले. ते गेल्यावर वैभव म्हणाला, त्यांच्या तोंडाची चव गेली असेल आई, वय झालं त्यांचं.

या वाक्यावर खरं तर त्याच्या कानाखाली बसायला पाहिजे होती. पण रुख्माबाईनं चंपतरावांचं ताट उचलून मोरीत नेलं. सोमवारची वाट पाहिली.

सोमवारी तिनं दोघा बापलेकांना इतवारीच्या बाजारात पिटाळलं, दार ओढून घेतलं, कढई चढवली आणि धनश्रीला बाजूला बसवलं. सांगितलं की माझं नाक नाही, आता तुझं नाक. वास आला की बोल. धनश्रीनं मान हलवली. कढईत दगडफूल पडलं. रुख्माबाई परतत राहिली. धनश्री बघत राहिली. रुख्माबाई तिच्या तोंडाकडे बघते, धनश्री तिच्या तोंडाकडे बघते. वैभवनं ऑपरेशननंतर हौसेनं बसवलेला पंखा वरचा सगळा धूर ओढून बाहेर टाकत होता. शेवटी धूर पंख्यालाही आवरेना तेव्हा रुख्माबाईनं स्वतःच कढई दाणकन खाली ठेवली. आत नुसती राख होती.

"वास आला नाही का तुले?"

"आला."

"मग बोलली काहून नाही?"

धनश्रीनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. खाली मान घालून म्हणाली की तुम्ही उतरव म्हणाल म्हणून थांबली. या घरात आल्यापासून ते तुम्हीच म्हणता. अन् मी मधात बोलली, तुमचं चुकलं म्हटलं, अन् तुमचं बीपी वाढलं, मग? बाबांनी शपथ घातली आहे सगळ्यांना.

रुख्माबाई कपाळावर हात मारून खालीच बसली. दर सोमवारी ही पोरगी इथे अशीच बसली होती, जळताना बघत होती, आणि नेहमीसारखा आई म्हणून उठत होती. गिऱ्हाइकं ताटं टाकून जात होती आणि घरातला एकेक जण बोटं चाटत होता. म्हणजे तिला जपायला म्हणून सगळ्यांनी मिळून तिच्याच हाताचं नाव बुडवलं होतं. आणि शिस्त कोणाची, तर तिच्याच सासूची, तिनंच पुढे चालवलेली. चिडायचं तरी कोणावर?

"ऐक," ती म्हणाली. "माझ्या डोक्यात चिमटा आहे लोखंडाचा. तुह्या बोलण्यानं तो निघत नाही. पण तुम्ही सारे असे मुके राहिले नं, तर मी येडी होईन. मले समजून नाही राहिलं वं, मी शहाणी हाव की येडी. तुम्ही सांगतच नाही."

धनश्रीनं डोळे पुसले. रुख्माबाईनं कढई घासून पुन्हा चढवली, पुन्हा मूठभर दगडफूल टाकलं. परतायला लागली. आणि सवयीनं मनातल्या मनात अंदाज बांधू लागली, अजून थोडं, अजून थोडं.

"उतरवा," धनश्री म्हणाली.

इतक्या लवकर? रुख्माबाईचा हात काही थांबेना. अजून कच्चं आहे, इतकी वर्षं मी भाजलं आहे, कालची पोरगी मला शिकवते काय, असं सगळं तिच्या तोंडावर आलंच होतं.

"आई, उतरवा म्हणते नं मी! जळून राहिलं ते! ऐकत काहून नाही तुम्ही?"

आणि तिनं सासूच्या हातातून उलथणं ओढून घेतलं, कढई उचलून खाली ठेवली. तिचा आवाज बाहेर नालीपर्यंत गेला असावा, कारण शामलाबाईनं खिडकी उघडल्याचा आवाज आला आणि लगेच बंद केल्याचाही. धनश्री स्वतःच घाबरली. सासूच्या डोळ्यांत बघू लागली, काही होतं आहे का म्हणून. काही झालं नाही. रुख्माबाई म्हणाली, लवंग आण.

मग दोघींनी सगळं भाजलं. दोनदा वाजलं त्यांचं, मिऱ्यांवरून जास्त. रुख्माबाई म्हणे अजून ठेव, धनश्री म्हणे नाही, आणि धनश्रीचं ऐकावं लागलं. तेलाचा डबा धनश्रीनं हुंगला आणि सरळ मोरीत ओतला, विचारलंसुद्धा नाही. कुटून, चाळून परातीत मसाला पडला तेव्हा उन्हं कलली होती. रुख्माबाईच्या अंगात बऱ्याच दिवसांनी तरतरी आली होती. तिनं चिमूटभर घेऊन सुनेच्या तळहातावर ठेवला.

"आता खरं सांग. कसा झाला?"

धनश्रीनं वास घेतला. थांबून पुन्हा घेतला. नेहमीसारखा म्हणायला तिचे ओठ हललेही असतील, पण तिनं ते गिळलं.

"चांगला झाला," ती म्हणाली. "लोकं जेवतीन. पण तुमचा नाही झाला, आई. तुमचा वेगळाच होता, मले तो जमत नाही." मग पुढे म्हणाली, "अन् तुमचं नाक येणार नाही. डॉक्टरनं तवाच सांगितलं होतं आम्हाले. वासाची नस लई नाजूक असते, फुग्यापर्यंत जाताना ती गेली. आता आशा नाही म्हणले. येईल हळूहळू, असं ते म्हणलेच नव्हते."

रुख्माबाईनं परातीकडे पाहिलं. लालकाळा, बारीक, छान दिसत होता मसाला. तिनं ओंजळ भरून नाकाशी नेला, जोरात श्वास ओढला. घसा तेवढा चुरचुरला. तिनं ओंजळ पुन्हा परातीत रिकामी केली, आणि मग भिंतीला टेकून ती रडली, मोठ्यानं, हमसून हमसून, ऑपरेशन झाल्यापासून पहिल्यांदा. बाहेरून ताराचंदनं दार वाजवलं, काय झालं म्हणून हाका मारल्या, बीपी, बीपी असं काहीतरी ओरडला. धनश्री उठली नाही. ती आतून म्हणाली, थांबा बाबा, रडू द्या त्यांना, आणि सासूच्या शेजारी तशीच मसाल्याच्या हातांनी बसून राहिली.